मायबाप सरकारची दत्तक मुलगी

रबराच्या मळ्यातून पळून जाऊ पाहणारा एक मजूर पकडला गेलाय. मळ्याची मालकीण त्याला स्वतःच्या हाताने फटके मारते आणि विचारते, आईला काय पोरांना मारायची हौस असते का रे? मार खाल्लेला तो माणूस म्हणतो: तूच माझी आई, तूच माझा बाप.

हे उत्तर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहे, ‘मायबाप सरकार’. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुष्काळाच्या निवेदनात तो अजून सापडतो. वरचा माणूस पोसतो आणि मारतोही, म्हणून तो बाप. आणि बापाकडे हक्क मागायचा नसतो, त्याच्यापुढे हात जोडायचे असतात.

हा प्रसंग ‘आँदोशिन’ या १९९२ सालच्या फ्रेंच चित्रपटातला. दिग्दर्शक रेजिस वार्निए, मुख्य भूमिकेत काथरिन दनव. परभाषी चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, शिवाय फ्रान्सचे पाच सेझार. वरवर पाहिलं तर आई, मुलगी आणि दोघींचा एकच प्रियकर अशी गोष्ट. संध्याकाळच्या मालिकेला वर्षभर पुरेल इतका मसाला. पण फ्रान्सने व्हिएतनामवर राज्य कसं केलं आणि ते कसं गमावलं, हे या एका घराच्या खिडकीतून दिसतं. अडचण एवढीच की चित्रपट फ्रेंच प्रेक्षकासाठी काढलेला आहे. येन बाय, पुलो कोंदोर, पॉप्युलर फ्रंट ही नावं तो सहज फेकून पुढे जातो आणि आपण फक्त देखण्या डोंगरांकडे बघत बसतो. त्या नावांमागे काय आहे ते इथे सांगतो. गोष्ट शेवटासकट सांगणार आहे, तेव्हा ज्यांना शेवट आधी कळलेला खपत नाही त्यांनी चित्रपट बघून मग परत यावं.

आधी घरातली माणसं. एलियान देव्रीस ही मालकीण. आईबाप फ्रेंच, पण जन्म तिथलाच. नवरा नाही, म्हातारे वडील आणि रबराचा मोठा मळा आहे. तिचे जवळचे मित्र असलेलं अनामच्या, म्हणजे मधल्या व्हिएतनामच्या, राजघराण्यातलं जोडपं विमान अपघातात जातं आणि त्यांची छोटी मुलगी एलियान दत्तक घेते. तिचं नाव कामीय. मुलगी वयात येते ते साल १९३०. जाँ-बातिस्त हा फ्रेंच नौदलातला तरुण अधिकारी एका चित्राच्या लिलावात एलियानशी बोली लावताना भेटतो, तिचा प्रियकर होतो, आणि पुढे योगायोगाने कामीयला रस्त्यावरच्या गोळीबारातून वाचवतो. मुलगी त्याच्यावर जीव टाकते. आई आपलं वजन वापरून त्याची बदली करवते. गी आस्लॅं हा पोलिसांच्या गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख एलियानचा जुना चाहता. असल्या कामांना तो असतोच.

खालसा मुलूख आणि संस्थानं

‘इंडोचायना’ नावाचा देश कधी नव्हता. हिंदुस्थान आणि चीन यांच्या मधला तुकडा म्हणून युरोपियनांनी दिलेलं ते नाव. १८५८ मध्ये फ्रेंच आरमाराने दा नांगवर तोफा डागल्या, पुढच्या वर्षी सायगॉन घेतलं, आणि तिथून चाळीस वर्षांच्या आत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस असे तिन्ही मुलूख त्यांच्या हाती आले. १८८७ मध्ये त्यांची मोट बांधून इंडोचायना संघ केला, १८९३ मध्ये त्यात लाओस आला.

व्हिएतनामचे त्यांनी तीन तुकडे केले, आणि हे तुकडे समजून घ्यायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत. दक्षिणेचा कोचीनचायना हा थेट फ्रेंच अंमलाखालचा, म्हणजे आपल्या भाषेत खालसा मुलूख. मधला अनाम हे संस्थान: हुए शहरात सम्राट, त्याचा दरबार, त्याचे मानमरातब सगळे जागेवर, आणि शेजारी फ्रेंच रेसिडेंट, ज्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. उत्तरेचा तोंकिन कागदावर संस्थान, व्यवहारात जवळजवळ खालसाच. कामीय ‘अनामची राजकन्या’ आहे, तिचं घर मात्र दक्षिणेत, थेट फ्रेंच मुलखात. म्हणजे संस्थानिकाची पोर ब्रिटिश मडमेच्या बंगल्यात वाढावी तसं.

आणि इथे ‘दत्तक’ हा शब्द आपल्या कानाला वेगळा लागतो. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचं दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा केलं, पुढे झाशीचंही. आपल्या आठवणीत साम्राज्य म्हणजे दत्तक नाकारणारं. या चित्रपटात साम्राज्य स्वतःच दत्तक घेतं. परिणाम मात्र बघा: कामीयच्या आईवडिलांच्या जमिनी एलियानच्या मळ्याला जोडल्या जातात आणि मळा प्रचंड होतो. डलहौसीने दत्तक मोडून जमीन घेतली, एलियानला दत्तक घेऊन मिळाली. तिचं मुलीवर प्रेम नाही असं नव्हे. प्रेम आहे, खरं आहे, आणि जमीनही आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं हाच या चित्रपटाचा गाभा, असं मला वाटतं.

ही कल्पना लेखकांनी हवेतून काढलेली नाही. खुद्द अनामचा शेवटचा सम्राट बाओ दाय (जन्म १९१३) याला १९२२ मध्ये शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलं आणि तिथे तो शार्ल नावाच्या माजी रेसिडेंटच्या कुटुंबात मुलासारखा वाढला. वडील वारल्यावर गादीवर बसायला मायदेशी आला आणि पुन्हा फ्रान्सला परतला. राज्य करायला खऱ्या अर्थाने परत आला १९३२ मध्ये. फ्रेंचांना असे राजे हवेच होते: रक्त इथलं, वळण तिथलं.

याला ते ‘सभ्यता शिकवण्याचं कार्य’ म्हणत. इंग्रजांनी आपल्याला प्रजा म्हटलं आणि लांब ठेवलं. फ्रेंचांची घोषणा अशी की आमची भाषा, आमचं शिक्षण घ्या, तुम्हीही आमच्यातले व्हाल. प्रत्यक्षात ‘आमच्यातले’ होण्याचं दार मोजक्यांना उघडलं. त्या मोजक्यांत, गंमत म्हणजे, काही आपल्याकडचे होते: पाँडिचेरी आणि कारैकालचे तमिळ लोक. तिथल्या ज्यांनी आपला धर्मशास्त्राचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा स्वीकारला, ते फ्रेंच नागरिक ठरले आणि सायगॉनच्या सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागले. त्यांच्याच बाजूला चेट्टियार सावकार मेकाँग खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना व्याजाने पैसे देत होते. चित्रपटात यांतलं कोणी दिसत नाही. त्यातलं सायगॉन फक्त गोऱ्यांचं आणि व्हिएतनामींचं आहे.

एलियान स्वतःला फ्रेंच समजत नाही, हे मात्र चित्रपट ठसवून सांगतो. ती म्हणते की माणसामाणसांत फरक कातडीचा नसतो, चवीचा असतो. जन्मभर सफरचंद खाल्लेला माणूस माझ्यासारखा कसा होईल? मी आशियाची, मी आंबा. वाक्य मधुर आहे आणि ते म्हणणारी बाई प्रामाणिक आहे. पण आंबा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. आपण तरी काय, ज्या हापूसवरून भांडतो त्याला आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीचं पहिलं नाव आहे.

रबर

दोडामार्गाकडे रबराच्या बागा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे काम ठाऊक असेल. झाडाच्या सालीला तिरकी चीर द्यायची, खाली वाटी बांधायची, पांढरा चीक थेंब थेंब जमा होतो. ऊन चढलं की चीक आटतो, म्हणून काम पहाटेच्या अंधारात. हे झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ मध्ये इंग्रजांनी त्याचं बी लंडनला नेलं, तिथून रोपं सिलोन आणि मलायात गेली. इंडोचायनात ते रुजवणाऱ्यांपैकी एक होता अलेक्सांद्र येर्सॅं. हे नाव अनोळखी वाटलं तरी त्याचा आपल्याशी संबंध आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारा तो हाच, आणि १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं असताना आपलं सीरम घेऊन तो इथे येऊन गेला होता. पुढे न्हा त्रांगजवळ त्याने रबर लावलं आणि पिकलेला माल मिशेलिन कंपनीला विकला. मोटारी वाढल्या, टायर वाढले, आणि १९२० च्या दशकात दक्षिणेची लाल माती मैलोन् मैल रबराखाली गेली.

माती होती, भांडवल होतं, माणसं नव्हती. माणसं होती उत्तरेत, तोंकिनच्या गच्च भरलेल्या, सतत पुरात आणि कर्जात बुडणाऱ्या खेड्यांत. तिथे मुकादम फिरत, उचल देत, तीन वर्षांच्या करारावर अंगठे घेत आणि हायफाँगच्या बंदरातून बोटीत भरून लोकांना दक्षिणेला पाठवत. करार मोडून पळणं हा गुन्हा. मळ्यात हिवताप, मार आणि कंपनीच्या दुकानाची उधारी. ऊसतोड कामगाराची उचल ज्याला माहीत आहे त्याला या यंत्राचा सांगाडा ओळखीचा वाटेल, फक्त इथे घर हजार मैल लांब होतं आणि मध्ये समुद्र. व्हिएतनामी लोकांत तेव्हाचं एक गाणं आहे: रबराला जाणं सोपं, येणं अवघड, जाताना तरणेताठे, येताना पिवळे पडलेले.

चित्रपटातला तो पळणारा मजूर या गाण्यातला आहे. आणि चित्रपटातलं ड्रॅगन बेट, जिथे जाँ-बातिस्तला शिक्षा म्हणून पाठवतात, ते म्हणजे या मजूरभरतीचा बाजार. समुद्रातल्या त्या उंच कड्यांच्या पायथ्याशी कुटुंबंच्या कुटुंबं आणून बसवलेली, दलाल धडधाकट माणसं निवडून घेतात, बायकापोरं मागे. बेट कल्पनेतलं आहे, पण बाजार खरा होता.

आता एक साखळी सांगतो, जी चित्रपटात नुसत्या एका वाक्यात येते. फेब्रुवारी १९२९ मध्ये, व्हिएतनामी नववर्षाच्या तोंडावर, हनोईत बाझॅं नावाच्या फ्रेंच माणसाला गोळी घालण्यात आली. तो दक्षिणेच्या मळ्यांसाठी मजूर गोळा करणारा मोठा ठेकेदार होता. संशय व्हिएतनामी राष्ट्रवादी पक्षावर आला, शेकडो लोक पकडले गेले आणि पक्ष मोडकळीला आला. उरलेल्यांना वाटलं, सगळे पकडले जाण्याआधी एकदा शेवटचा वार करू. १० फेब्रुवारी १९३० च्या पहाटे तोंकिनमधल्या येन बाय या छावणीत फ्रेंच फौजेतल्या व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं. दुसऱ्या दिवसापर्यंतही ते टिकलं नाही. पुढारी न्गुएन थाय होक आणि बारा साथीदारांचा १७ जूनला तिथेच गिलोटिनवर शिरच्छेद झाला. गिलोटिन! फ्रेंच राज्यक्रांतीने राजाचं डोकं उडवायला वापरलेलं यंत्र वसाहतीत बंडखोरांसाठी आलं होतं. या शिक्षांच्या निषेधार्थ पॅरिसमधल्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोर निदर्शनं केली, तेव्हा त्यांतल्या काहींना पकडून मायदेशी हाकलून दिलं.

चित्रपटातला तान्ह हा अशाच हाकललेल्या विद्यार्थ्यांपैकी. त्याचं कामीयशी लग्न ठरतं. घरचा श्रीमंत, शिकलेला, सुसंस्कृत मुलगा. तो आपल्या आईला सांगतो की फ्रेंचांनीच मला स्वातंत्र्य आणि समता हे शब्द शिकवले, आता त्याच शब्दांनी मी त्यांच्याशी लढणार. टाळ्यांसाठी लिहिलेलं वाटेल, पण इतिहासात हे तसंच झालंय. २ सप्टेंबर १९४५ ला हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला तेव्हा त्यात फ्रेंच राज्यक्रांतीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा दाखला दिला होता.

याच फेब्रुवारी १९३० मध्ये हाँगकाँगमध्ये हो चि मिन्ह यांनी व्हिएतनामी कम्युनिस्टांचे गट एकत्र आणून पक्ष स्थापन केला, आणि मिशेलिनच्या फू रिएंग मळ्यात मजुरांनी संप केला. एकाच महिन्यात बंड, पक्ष आणि संप. चित्रपटाची गोष्ट १९३० मध्येच का सुरू होते याचं उत्तर यात आहे.

सरकारी अफू

एक छोटा प्रसंग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. जाँ-बातिस्त अफूच्या तस्करीच्या संशयावरून एका मुलाची होडी पेटवून देतो आणि नंतर अपराधी वाटून त्याला शोधत एलियानच्या मळ्यावर येतो. पाहणाऱ्याला वाटतं, नौदल अफूच्या विरोधात आहे, चांगलं आहे. तसं नाही. अफू सरकारच विकत होतं. पॉल दूमेर हा गव्हर्नर जनरल (१८९७ ते १९०२) याने मीठ, दारू आणि अफू यांची मक्तेदारी सरकारकडे घेतली आणि तिच्या पैशांवर रेल्वे आणि पूल बांधले. हनोईचा प्रचंड लोखंडी पूल त्याच काळातला. सरकारी अफूच्या दुकानात कच्चा माल म्हणून आपल्याकडची बनारसी अफूही जात होती. होडीवाल्याचा गुन्हा अफू वाहण्याचा नव्हता, सरकारचं गिऱ्हाईक फोडण्याचा होता. एलियान स्वतः संध्याकाळी अफू ओढते आणि त्यात बेकायदा काही नाही.

मिठाचंही तेच. ज्या १९३० मध्ये वडाळ्याला आणि शिरोड्याला लोक मीठ उचलून तुरुंगात जात होते, त्याच वर्षी तोंकिनच्या किनाऱ्यावरचा आगरी स्वतः पिकवलेलं मीठ सरकारला विकून जास्त भावाने परत घेत होता. गावठी दारू गाळायला बंदी आणि सरकारी दारू घेण्याची गावागावांवर सक्ती, हे तर आणखीच.

राजकन्या चालायला लागते

चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग मधला. तान्ह कामीयला लग्नाच्या बंधनातून मोकळं करतो आणि ती जाँ-बातिस्तला शोधत एकटी उत्तरेला निघते. जिने कधी पायात चिखल लावून घेतला नाही ती पोरगी देश पायाखाली घालते. वाटेत काम शोधत निघालेलं एक गरीब कुटुंब तिला आपल्यात घेतं. पहिल्यांदाच ती अशा व्हिएतनामी माणसांबरोबर जेवते, झोपते, चालते जी तिची नोकर नाहीत. वार्निएने इथे घाई केलेली नाही. दनव पडद्यावर नसते आणि चित्रपट एकदम श्वास घेतो.

ड्रॅगन बेटावर पोचल्यावर त्या कुटुंबाची प्रेतं तिला दिसतात. झटापटीत तिच्या हातून फ्रेंच अधिकारी मारला जातो. जाँ-बातिस्त हुद्दा, देश सगळं टाकून तिला घेऊन होडीतून पळतो, ‘हा लाँग’ नावाच्या उपसागराच्या हिरव्या पाण्यात, चुनखडीच्या सुळक्यांमधून. दिवस दिवस तहानेने तळमळल्यावर कम्युनिस्टांची एक फिरती नाटक मंडळी त्यांना वाचवते. पुढे हीच मंडळी गावोगाव त्यांची कथा रंगवतात आणि कामीय जिवंतपणीच दंतकथा बनते, ‘लाल राजकन्या’. आपल्याकडे शाहिरी आणि जलशांनी जे काम केलं ते आठवावं. पोलिसांना पत्रक जप्त करता येतं, नाटकातलं गाणं कसं करणार?

चीनच्या सरहद्दीजवळ मूल होतं. कामीय झोपलेली असताना जाँ-बातिस्त बाळाला नदीवर नेतो, बाप्तिस्मा देतो, एतिएन हे ख्रिस्ती फ्रेंच नाव ठेवतो. तेवढ्यात सैनिक येतात. हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फक्त बापाची माया दिसली. दुसऱ्यांदा पाहताना खटकलं की आईला कोणी विचारलंच नाही. बाळ त्या क्षणापासून फ्रेंच झालं आणि फ्रेंचांच्या हाती गेलं, एलियानकडे.

यामागेही इतिहास आहे. फ्रेंच बाप आणि व्हिएतनामी आई यांच्या मुलांचा प्रश्न सरकारला फार छळत असे. बाप सोडून गेलेली अशी हजारो मुलं होती. फ्रेंच रक्ताची मुलं देशी लोकांत वाढून उद्या आपल्यावर उलटतील ही भीती. म्हणून संस्था निघाल्या, ज्या ही मुलं आईपासून काढून अनाथाश्रमांत ठेवत, आई जिवंत असली तरी. १९२८ मध्ये एक हुकूम निघाला: बाप कोण ते माहीत नसलं तरी मूल ‘फ्रेंच वंशाचं’ दिसत असेल तर त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळू शकेल. पुरावा म्हणून नाव, वाढवण्याची रीत, चेहरामोहरा. एतिएनला अनाथाश्रम नाही, प्रेमळ आजी मिळाली. एकूण हिशेब तोच.

जाँ-बातिस्तला नौदल फ्रान्सला नेऊन गुपचूप खटला चालवणार असतं. जाण्याआधी एक रात्र त्याला मुलाबरोबर मिळते आणि सकाळी तो डोक्यात गोळी लागलेला सापडतो, बंदूक हातात, बाळ शेजारी सुखरूप. आत्महत्या, पोलीस की कम्युनिस्ट? चित्रपट उत्तर देत नाही. एलियानचा संशय पोलिसांवर आहे आणि गी आस्लॅंची नजर बघून आपलाही तिकडेच जातो.

कामीय पकडली जाते आणि पुलो कोंदोरला पाठवली जाते. हे दक्षिणेच्या समुद्रातलं बेट म्हणजे फ्रेंचांचं अंदमान. १८६० च्या दशकात तिथे तुरुंग सुरू झाला आणि पुढची शंभर वर्षं, मालक बदलत गेले तरी, चालू राहिला. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॅडिकल यांची आघाडी, म्हणजे पॉप्युलर फ्रंट, निवडून आली, लेओं ब्लुम पंतप्रधान झाले आणि वसाहतींतल्या बऱ्याच राजकीय कैद्यांना सोडण्यात आलं. एलियान मुलीला घ्यायला जाते. मुलगी येत नाही. पोराला फ्रान्सला घेऊन जा म्हणते आणि आपल्या लोकांत निघून जाते. एलियान मळा विकते.

इथे लेखकांनी एक खरा प्रवास कामीयच्या नावावर टाकलाय असं मला वाटतं, मुद्दाम की नकळत ते राहू दे. फाम व्हान दोंग हे मँडरिन, म्हणजे दरबारी अधिकाऱ्यांच्या, घराण्यातले, १९२९ मध्ये पकडले गेले, पुलो कोंदोरला गेले, १९३६ च्या सुटकेत बाहेर आले, आणि १९५४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत व्हिएतनामच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून फ्रेंचांसमोर बसले. कामीयच्या आयुष्यातली ठिकाणं जवळपास याच क्रमाने येतात.

तरीही काही खुपतं

गोष्ट कोण सांगतंय? एलियान. १९५४ मध्ये, मोठ्या झालेल्या एतिएनला. म्हणजे कामीयचं आयुष्य आपल्याला तिच्या दत्तक आईच्या तोंडून कळतं. तुरुंगातली पाच वर्षं, ज्यांनी ती बदलली, ती पडद्यावर नाहीत, कारण एलियान तिथे नव्हती. सुरुवातीलाच एलियान म्हणते की तरुणपण म्हणजे काही गोष्टी वेगळ्या होऊच शकत नाहीत असं वाटणं: पुरुष आणि स्त्रिया, डोंगर आणि मैदानं, माणसं आणि देव, इंडोचायना आणि फ्रान्स. शेवटच्या जोडीपाशी थांबा. पहिल्या तीन जोड्या निसर्गाच्या, चौथी तोफांची. ती अशी अलगद त्यांच्या पंगतीला बसते.

दुसरी गोष्ट. कामीय क्रांतिकारक होते ती प्रेमापोटी आणि एका झटापटीत. तिने काही वाचलं, कोणाशी वाद घातला, काही ठरवलं, असं फारसं दिसत नाही. खऱ्या बायका वेगळ्या होत्या. न्गुएन थी मिन्ह खाय १९३५ मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट परिषदेला प्रतिनिधी म्हणून गेली होती. १९४१ मध्ये फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या. येन बायच्या न्गुएन थाय होकची वाग्दत्त वधू न्गुएन थी ज्यांग पक्षात त्याच्या खांद्याला खांदा लावून होती. त्याचा शिरच्छेद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःला गोळी मारून घेतली. एवढं प्रेम आणि एवढी क्रांती हाताशी असताना पटकथेला फ्रेंच अधिकारी लागलाच.

यात चित्रपटाच्या सालाचाही हात आहे. व्हिएतनामने १९८६ पासून ‘दोई मोई’ म्हणून दारं उघडायला सुरुवात केली होती, म्हणून हा लाँग आणि हुएच्या राजवाड्यात प्रत्यक्ष चित्रीकरण करता आलं. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये त्या भूमीवरचे तीन मोठे चित्रपट आले. फेब्रुवारी १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तेरां व्हिएतनामला गेले, अमेरिकेची व्यापारबंदी उठायची होती त्याच्याही आधी. फ्रान्स जुन्या घरी परत जाऊ बघत होता, आणि परत जाताना माणूस घरातल्या भांडणांपेक्षा घराचं अंगण जास्त आठवतो. तागाचे पांढरे सूट, पंखे, बोटींच्या शर्यती, धुकं. सौंदर्य इतकं आहे की मजुराचे फटके विसरायला होतात.

आणि दनव. १९८५ मध्ये फ्रान्सच्या नगरपालिकांत ठेवायच्या मारियानच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या मूर्त रूपाच्या, पुतळ्यासाठी तिचा चेहरा निवडला गेला होता. तिला या भूमिकेत बघताना फ्रेंच माणूस नुसती मळेवाली बघत नाही, खुद्द फ्रान्स बघतो. ती फ्रान्स फटके मारते, प्रेम करते, चुकते, रडते. आणि फ्रान्स रडतोय म्हटल्यावर प्रेक्षकाची सहानुभूती तिकडे जाणारच. हा दोष म्हणावा की चतुराई, यावर माझं मत दर वेळी बदलतं.

जिनिव्हा

७ मे १९५४ ला दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंच फौज हो चि मिन्ह यांच्या सैन्याला शरण आली. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचायनावर बोलणी सुरू झाली आणि जुलैच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या रात्री सह्या झाल्या. व्हिएतनाम सतराव्या अक्षांशावर तात्पुरतं दोन भागांत वाटलं, आणि ते ‘तात्पुरतं’ एकवीस वर्षं आणि एक महाभयंकर युद्ध चाललं. देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. त्याच आठवड्यात इकडे दादरा पोर्तुगिजांच्या हातून सुटत होतं, पाठोपाठ २ ऑगस्टला सिल्वासा, ज्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते. १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला. गोव्याला मात्र आणखी सात वर्षं लागली.

चित्रपट संपतो त्या जुलैत, तळ्याकाठी. एलियान एतिएनला इथे घेऊन आली आहे, कारण त्याची आई शिष्टमंडळात आहे. तरुण एतिएन त्या हॉटेलात जातो. दिवाणखान्यात माणसं, फोटोवाले, जिने, लिफ्ट, घाई. आई आपल्याला ओळखणार कशी, हेच त्याला कळत नाही. तो परत फिरतो आणि एलियानला सांगतो की माझी आई तूच आहेस. एलियान तळ्याकडे बघत उभी राहते. कामीय त्या हॉटेलात कुठल्या मजल्यावर होती, तिने खिडकीतून खाली पाहिलं का, ते आपल्याला दाखवलेलं नाही.